पाकिटाची पाठ

मेहकरात माझं खरं नाव विचारत आलात तर घर सापडणार नाही. 'पेंटर' विचारा, कुठलाही पानठेलेवाला बोट दाखवेल. ब्रश खाली ठेवून आता बरीच वर्षं झाली, पण नाव काही सुटलं नाही. आधी मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो आणि जून जवळ आला की गावोगावच्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती. मग फ्लेक्स आला. माझं आठ दिवसांचं काम ते मशीन चहा थंड व्हायच्या आत करायला लागलं. पोट तर भरायचं होतं. कॉम्प्युटर शिकलो आणि पाट्यांऐवजी दुकानांच्या वेबसाइटी करू लागलो. मुळात धंदा तोच. गिऱ्हाइकाला दुकान सापडलं पाहिजे आणि मालकाला आपलं नाव मोठं दिसलं पाहिजे.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, 'पेंटर, आहे तीच साइट दुरुस्त करू की पाडून नवी बांधू?' बाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं असं वाटेल. मी पाटीवरून समजावतो. पाटीचा रंग उडाला असेल, पण पत्रा शाबूत असेल तर घासायचं, अस्तर द्यायचं, पुन्हा रंगवायचं. पत्रा आतून सडला असेल तर वर कितीही रंग द्या, पहिल्या पावसाळ्यात फुगवटे येतात. वेबसाइटीचंही तसंच. वरचं रूप जुनं झालं असेल तर दुरुस्ती पुरते. आतली यंत्रणाच जुनाट झाली असेल, मोबाइलवर धड उघडत नसेल, ज्यांच्या सर्व्हरवर साइटीसाठी जागा भाड्यानं घेतली तेच 'आता हे आम्ही सांभाळणार नाही' म्हणत असतील, तर नवीन केलेली बरी. पत्रा सडला आहे का हे मात्र खरवडल्याशिवाय कळत नाही, आणि खरवडायला वेळ द्यायची कोणाची तयारी नसते. पेंटरचीसुद्धा नसते.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग भेटली. दुसरबीडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाला त्याच्या वास्तुवाल्यानं सांगितलं होतं, की तुमच्या वेबसाइटचं 'प्रवेशद्वार' डाव्या हाताला आहे म्हणून तारखा बुक होत नाहीत. सगळी साइट पाडून उजवीकडून उघडणारी करा, असा त्याचा हट्ट. मी जाऊन पाहिलं तर साइटवरचा फोन नंबर त्याच्या धाकट्या भावाचा होता, आणि तो भाऊ कधीच नाशिकला नोकरीला गेलेला. नंबर बदलला, बटण उजवीकडे सरकवलं, आणि पुढची दोन वर्षं त्या वास्तुवाल्याचा गावात फार मान वाढला. दुसरा एक मोटारपंपवाला. त्याची साइट ठणठणीत होती. पण मेहुणा हसला म्हणून त्याला नवी पाहिजे होती. अशा माणसाला काय सांगणार? मेहुण्याच्या हसण्यावर अजून कोणी दुरुस्ती शोधलेली नाही. करून दिली.

हे सगळं सांगताना मी थोडा शहाणा वाटतो आहे, हे मला कळतंय. म्हणून आता ज्यात मी चुकलो ते सांगतो.

डोणगावला अन्वरभाईंचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ते त्यांना आवडणार नाही. त्यांची पत्र्याची पहिली पाटी मीच रंगवली आणि पहिली वेबसाइटही मीच केली. तेव्हा बीटी कपाशी नुकतीच आमच्याकडे मूळ धरत होती. बियाण्याचा तुटवडा असायचा, जूनमध्ये दुकानांपुढे रांगा लागायच्या, आणि त्याच गर्दीत हुबेहूब तसल्याच रंगीत पाकिटांतून बोगस बियाणंही फिरायचं. एका शेतकऱ्यानं अन्वरभाईंवर भर दुकानात आळ घेतला होता, की दाखवलं एक पाकीट आणि दिलं दुसरंच. आळ खोटा होता, पण अन्वरभाईंना तो लागला. दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या मुलीनं मला सांगितलं होतं.

त्यातून त्यांनी एक पद्धत काढली. दुकानात एक स्कॅनर आणला. बियाणं घेणाऱ्या प्रत्येकानं आपल्या घेतलेल्या पाकिटांपैकी एक स्वतःच्या हातानं स्कॅनरच्या काचेवर पालथं ठेवायचं. पाकिटाच्या पाठीवर लॉट नंबर, तारीख, कंपनीचा शिक्का असतो, तो चित्रात यायचा. खाली गाव आणि नाव. जोहरची नमाज झाली की दुपारच्या निवांत वेळात अन्वरभाई ती सगळी चित्रं वेबसाइटवर चढवायचे. त्या पानाचं नाव 'तुमचं पाकीट'. मी त्यांना म्हटलं होतं, एवढा खटाटोप कशाला, नंबर टाइप करून टाकू. ते म्हणाले, "पेंटर, माह्या लिहिण्यावर कोन भरोसा ठेवीन? ज्याचं पाकीट त्याच्या हातानं ठेवू द्या."

ते पान दिसायला भयानक होतं. पाकिटं वाकडी-तिकडी, कोणाचा अंगठा आलेला, कोणाच्या शर्टाची बाही, कोणाच्या बांगड्या. वर्षागणिक हजारांनी चित्रं. पण लोकांना त्याचं कौतुक होतं. आपला अंगठा कॉम्प्युटरवर दिसतो म्हणून शेजाऱ्याला घेऊन दाखवायला येणारे मी पाहिले आहेत.

दहाएक वर्षं गेली. साइट म्हातारी झाली. मोबाइलवर उघडायला घेतली तर माणूस तंबाखू मळून, खाऊन, थुंकून येईपर्यंत अर्धीच उघडलेली असायची. जागा भाड्यानं देणाऱ्यांनीही कळवलं, की ही जुनी यंत्रणा आम्ही बंद करणार. अन्वरभाईंनी मला बोलावलं. दुरुस्ती की नवी, ते तुम्हीच ठरवा, म्हणाले.

मी तीन दिवस त्यांच्या दुकानात बसलो. एका कागदावर तीन रकाने आखले: ठेवायचं, दुरुस्त करायचं, टाकायचं. कोणतं पान किती जण पाहतात ते तपासता येतं. 'तुमचं पाकीट' जूनमध्ये थोडंफार पाहिलं जायचं, पुढचे अकरा महिने त्याच्याकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. साइटचा सगळा भार मात्र त्याचाच. मी ते 'टाकायचं'च्या रकान्यात लिहिलं. मनात दुसरंही एक होतं, तेही सांगून टाकतो. ते पान मला कुरूप वाटायचं. माझ्या हातचं काम म्हणून कोणाला दाखवायची लाज वाटायची.

अन्वरभाईंनी विचारलं, "जुनंच ठेवून काही भागत नाही काय?"

मी पत्र्याचा दाखला दिला. सडलेला पत्रा, रंगाचा उपयोग नाही वगैरे. त्यांनी मान डोलावली. जरा वेळानं म्हणाले, "आन पाकिटाची पाठ?"

"पाठ कोन पाहून राह्यलं, अन्वरभाई?" मी म्हटलं. "कंपनीवाले समोरून काढलेले चकाचक फोटो देते, ते लावू."

त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. आपल्याकडे जाणकार माणसाला दोनदा विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं समजणारी जी पिढी आहे, त्यातले ते. नवी साइट झाली. पांढरीशुभ्र, झटकन उघडणारी. जुनी चित्रं मी रिवाजाप्रमाणे एका डिस्कमध्ये भरून कपाटात ठेवली. स्कॅनरवर त्यांनी स्वच्छ फडकं घातलं आणि पुढे त्या फडक्यावर कंपन्यांच्या कॅलेंडरांचा गठ्ठा येऊन बसला. त्या जूनमध्ये दहा-बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी काचेवर पाकीट ठेवलं नाही. रांग भराभर सरकली, म्हणून लोक खूश होते. मीही होतो.

ते वर्ष नेमकं गुलाबी बोंडअळीचं निघालं.

ज्यांनी कपाशी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाड बाहेरून हिरवंगार, बोंडं टपोरी, कुठे शंका येणार नाही. दिवाळीच्या आसपास बोंड फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी बसलेली आणि सरकी पोखरलेली. कापूस कवडी होऊन, म्हणजे पिवळट गोळा होऊन बोंडातच चिकटलेला. बीटी आली तीच मुळी बोंडअळी लागणार नाही या बोलीवर. लोक फोडलेली बोंडं रुमालात बांधून दुकानांत यायला लागले. हिवरा आश्रमाकडच्या एका गावचे तीस शेतकरी अन्वरभाईंकडे आले. सगळ्यांनी एकच वाण, एकाच दुकानातून नेलेलं. तालुक्याला तक्रारी केल्या, आणि अधिकाऱ्यांची समिती पाहणीला येणार असं ठरलं.

कंपनीनं त्यावर जे सांगितलं त्यानं अन्वरभाई पांढरे पडले. कंपनीचं म्हणणं असं, की दुकानाला आम्ही माल दिला हे खरं, पण या शेतांत तोच गेला कशावरून? बिलावर दुकानदार कोणताही नंबर लिहील. पाकीट दाखवा. दुसरीकडचं बोगस बियाणं आमच्या नावानं विकलं गेलं नसेल कशावरून?

म्हणजे पुन्हा तोच आळ. आणि या वेळी तो भर दुकानात एका माणसानं घेतलेला नव्हता, कागदावर होता. तो टिकला असता तर अन्वरभाईंचा परवाना गेला असता. परवाना एक वेळ परत मिळतो. पण तीस शेतकऱ्यांना बोगस बियाणं देणारा दुकानदार, हे नाव पंचक्रोशीत एकदा पडलं की ते नातवांपर्यंत पुरतं.

पाकिटं तर शेतकऱ्यांकडे असतील, असं तुम्ही म्हणाल. होती. प्रत्येकाच्या शेतात होती. आमच्याकडे रिकामं पाकीट काडीला खोचून ती काडी ओळीच्या तोंडाशी रोवतात, कुठे कोणतं वाण पेरलं ते ध्यानात राहावं म्हणून. पुढे मी स्वतः त्या शेतांतून फिरून पाहिलं. काड्या जागच्या जागी उभ्या होत्या, पाकिटंही होती, पण पाच महिन्यांच्या उन्हापावसानं पाठीवरची शाई पार धुऊन गेली होती. उरलेला न विकलेला माल कंपनीला कधीच परत गेला होता.

अन्वरभाईंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पेंटर, ते जुन्या पानावर पाहा बरं, यंदाची पाकिटं हायेत काय?"

त्यांना माहीत होतं, नाहीत म्हणून. तरी माणूस एकदा विचारतो. मी कपाटातली डिस्क काढली. दहा वर्षांची पाकिटं त्यात होती. सगळे अंगठे, सगळ्या बांगड्या. फक्त यंदाची नव्हती, कारण यंदा कोणी ठेवलीच नव्हती. मला वाटत होतं, मी एक पान पुसलं. मी पुसली होती ती एका माणसाची सवय, आणि सवयीची प्रत काढून कपाटात ठेवता येत नाही. डोणगावला जाताना सबंध वाटभर मला बसमध्ये नीट बसवत नव्हतं.

दुकानात पोचलो. अन्वरभाईंनी मला दूषण दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चहा सांगितला. आम्ही दोघं बसलो असतानाच सुमनबाई आल्या.

सुमनबाई म्हणजे तक्रार करणाऱ्या त्या तिसांपैकीच एक, पन्नाशी ओलांडलेल्या, सात एकर स्वतः पाहणाऱ्या. अर्ध्या शेतात भाजीपाला करायच्या आणि आठवडी बाजारात स्वतः विकायला बसायच्या. भाव करणाऱ्याला त्यांच्यापुढे घाम फुटायचा. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि काउंटरवर एक लहानसं बंद पाकीट ठेवलं.

हे लहान पाकीट काय ते सांगायला हवं. बीटीच्या मोठ्या पाकिटात तेव्हा साध्या कपाशीच्या बियांचं एक लहान पाकीट असायचं. शेताच्या कडेनं चहूबाजूंनी ती साधी कपाशी पेरायची. म्हणजे अळीला खायला साधं झाडही मिळतं आणि बीटी पचवणारी अळी लवकर तयार होत नाही. कंपनीनं सांगितलेलं, सरकारनं सांगितलेलं. पेरत कोणीच नसे. एवढ्या ओळी साध्या कपाशीला दिल्या तर तेवढं पीक बुडालं, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं. लहान पाकीट बांधावर फेकलं जायचं. मीही त्यात निर्दोष नाही. भिंतीवर जाहिराती रंगवायचो तेव्हा कंपनीच्या नमुन्यात अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ असायची, कडेला साधी कपाशी पेरा म्हणून. भिंत कमी पडली की पहिली ती ओळ गाळायची, असा माझा शिरस्ता होता. आजवर कोणी विचारलं नव्हतं.

सुमनबाईंनी ते पाकीट फेकलं नव्हतं. बी फेकू नये म्हणतात, म्हणून देवाच्या कोनाड्यात ठेवलं होतं. ऊन नाही, पाऊस नाही. पाठीवरचा शिक्का, नंबर, तारीख, सगळं काल छापल्यासारखं. हे पाकीट मोठ्या पाकिटातूनच येतं, सुटं मिळत नाही. याच्यावरचा नंबर कंपनीच्या दप्तरात तपासला की मोठं पाकीट कोणत्या लॉटचं होतं ते कळणारच, आणि तो लॉट याच दुकानाला दिला होता हेही. म्हणजे अन्वरभाई सुटले होते.

मी हात पुढे केला. अन्वरभाईंनी तो धरला आणि खाली केला. मला कळेना.

"सुमनबाई, हे घरी घेऊन जा," ते म्हणाले. "हे दाखवलं त तुमचा अर्ज गेला."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तक्रारीच्या अर्जात सगळ्यांनी लिहिलं होतं, की कडेची साधी कपाशी पेरली होती, ती उगवली नाही, नाहीतर जनावरांनी खाल्ली. अर्ज लिहिणाऱ्यानं तसं सगळ्यांनाच सांगितलं होतं. बंद पाकीट समितीपुढे ठेवणं म्हणजे आपण पेरलं नाही आणि अर्जात खोटं लिहिलं, हे आपल्याच तोंडानं सांगणं. सुमनबाईंना हे माहीत होतं. बाजारात बसणाऱ्या बाईला कोणी काय शिकवणार?

"आन नाई दाखवलं त तुमचं दुकान गेलं," त्या म्हणाल्या.

"दुकान माह्यं हाये. तुमी काऊन तरास घेता?"

"हे पाहा अन्वरभाऊ. बियाणं तुमच्याकडूनच नेलं, हे खरं. मी हे पेरलं नाई, हे बी खरं. दोनी खरं एकाच पाकिटात हायेत, त मी त्याले मधातून फाडू काय?"

 अन्वरभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी मान खाली घातली होती. या दोन माणसांमध्ये मी बसलो होतो, आणि त्यांच्यावर ही वेळ आणणारा मीच होतो. स्कॅनरवरची कॅलेंडरं मी उतरवली, फडकं काढलं. एवढंच मला सुचलं.

सुमनबाईंना ती पद्धत पाठ होती. त्यांनी पाकीट काचेवर पालथं ठेवलं, वर हात दाबून धरला. दिवा सरकला. चित्रात त्यांच्या दोन बांगड्या आणि भेगा पडलेला अंगठा आला.

समिती आली त्या दिवशी मी गावात गेलो होतो. ग्रामपंचायतीपुढच्या निंबाखाली टेबल मांडलं होतं. कंपनीचा माणूस तरणाच होता, बोलायला मऊ. त्याचीही नोकरीच होती. अधिकाऱ्यांनी अन्वरभाईंना विचारलं, की तुमच्याकडे पाकिटांची चित्रं ठेवायची पद्धत होती असं ऐकतो, मग यंदाच कशी नाहीत? मी मागे उभा होतो. पेंटरनं बंद करायला लावलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि ते खरंही होतं. अन्वरभाई म्हणाले, यंदा माझ्याकडून राहून गेलं.

मग सुमनबाईंनी पाकीट ठेवलं. कंपनीच्या माणसानं ते उलटून पाहिलं, नंबर लिहून घेतला, बाजूला जाऊन फोन लावला. अधिकाऱ्यांनी अर्ज काढून सुमनबाईंना विचारलं, की यात तर पेरलं असं लिहिलंय.

"अर्ज दुसऱ्यानं लिहिला. पर सही माही हाये, म्हणजे खोटं बी माह्यंच," त्या म्हणाल्या. "पेरलं नाई."

 निंबाखाली कोणाच्याही नजरेत कौतुक नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. बाकीचे एकोणतीस अर्जही तेच सांगत होते. सुमनबाईंचा दीर उठून निघून गेला, आणि पुढे सहा महिने तो त्यांच्याशी बोलला नाही. गावासाठी त्या दिवशी सुमनबाई खऱ्या नव्हत्या, घरभेदी होत्या.

नंबर जुळला. बियाणं कंपनीचंच होतं आणि ते अन्वरभाईंच्या दुकानातूनच गेलं, असं अहवालात आलं. आळ उतरला. बाकीच्यांच्या अर्जांची कथा लांब आहे. ती ज्यांनी भोगली त्यांनीच सांगावी. सुमनबाईंचा अर्ज मात्र परत आला. सूचनांचं पालन केलं नाही, असा शेरा होता. त्यांनी तो कागद अन्वरभाईंना वाचायला दिला आणि घडी करून पिशवीत टाकला. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि आजही ते गेलेलं नाही. जूनमध्ये काचेवर तीस पाकिटं ठेवायला जेमतेम दीड तास लागला असता. तेवढा दीड तास मी वाचवला होता, आणि त्याची भरपाई या बाईनं केली.

त्या उन्हाळ्यात मी अन्वरभाईंची वेबसाइट पुन्हा उघडून बसलो. नवी पाडली नाही, जुनी आणली नाही. नवीच ठेवली आणि तिच्यात 'तुमचं पाकीट' साठी जागा केली. चित्रं हलकी करता येतात, दहा-दहानं उघडता येतात, भार पडत नाही. हे सगळं मला पहिल्या वेळीही येत होतं. फक्त ते पान मला दिसायला आवडत नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. दुरुस्ती की नवी असं कोणी विचारलं की मी आधी मालकाला विचारतो, तुमच्या साइटवर कशाची लाज वाटते? ते पान आधी दाखवा. ते तिथे कोणी, कधी आणि कोणत्या घटनेनंतर घातलं ते सांगा. काही वेळा ते खरंच टाकाऊ निघतं. मंगल कार्यालयवाल्यानं मुख्य पानावर आपल्याच लग्नाची मिरवणूक लावली होती, ती काढली. पण ज्या पानाकडे अकरा महिने कोणी फिरकत नाही, ते बाराव्या महिन्यासाठी तर ठेवलेलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय आता माझा हात चालत नाही.

पुढच्या जूनमध्ये सुमनबाई बियाणं घ्यायला आल्या तेव्हा मी दुकानातच होतो. एकर-दीड एकरच कपाशी करणार होत्या, बाकी सोयाबीन. त्यांनी मोठं पाकीट काचेवर ठेवलं. मग मला म्हणाल्या, "पेंटरभाऊ, माह्यं मागच्या सालचं पाकीट दाखवा बरं."

मी दाखवलं. दहा वर्षांची पाकिटं मी डिस्कमधून परत चढवली होती. एकेका वर्षाखाली शेकड्यांनी अंगठे. आणि मग ते वर्ष, ज्यात दुसरं काही नव्हतं. सगळं पान पांढरं, आणि वर डाव्या कोपऱ्यात एकटं ते लहान पाकीट, दोन बांगड्यांसकट. त्याखाली फक्त नाव आणि गाव होतं.

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, याच्याखाली काही लिहिता येते काय? मी म्हटलं, सांगा. वाटलं, खरेपणाबद्दल चार शब्द लिहायला सांगतील. लिहिले असते मी, मोठ्या अक्षरांत. त्यांनी सावकाश सांगितलं आणि मी तसंच टाइप केलं, एक अक्षर न बदलता. मग त्यांनी मला ते वाचून दाखवायला लावलं.

पानाचा रंग तेव्हापासून दोनदा बदलला, यंत्रणा एकदा बदलली. बियाणंसुद्धा बदललं, आता दोन्ही प्रकारच्या बिया एकाच पाकिटात मिसळून येतात, फेकायला काही उरलेलं नाही. पण त्या एका वर्षाचं पान मी आहे तसंच ठेवलं आहे. पांढऱ्या पानाच्या कोपऱ्यात ते लहान पाकीट, आणि खाली सुमनबाईंनी सांगितलेली ओळ:

'हे माह्यं पाकीट हाये. पेराचं होतं, पेरलं नाई.'